डोक्यावरची लागण

आमच्याकडे कृष्णाकाठी 'लागण' म्हटलं की आधी उसाची. सर्दी-पडशाची लागण नंतर. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत. कराडपासून सांगलीपर्यंत कुठल्याही पारावर विचारा, शेंबडं पोरसुद्धा हे वेळापत्रक सांगेल. पण याच पट्ट्यातली पंचवीस-सव्वीस वर्षांची पोरं, म्हणजे पुण्या-बंगळुरात आमच्यासारखी कोड पाडून पोट भरणारी, हल्ली वेगळ्याच लागणीचा हंगाम विचारत असतात. डोक्यावरच्या. लग्नाआधी करू की नंतर? आत्ता करू की अजून दोन वर्षं कळ काढू?

प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. ज्याचं जातं त्यालाच कळतं. पण उत्तराकडे जायच्या आधी मला जरा मागे जायचंय, कारण शोधायला बसलो तेव्हा एक गंमत लक्षात आली. या प्रश्नाचा इतिहास दोन वेगळ्या वाटांनी आलाय. एक वाट आपल्या सातारा-सांगलीच्या डोक्यांवरून जाते आणि दुसरी ऑपरेशनच्या टेबलावरून. आणि ती दुसरी वाटसुद्धा पुण्याला वळसा घालून जाते!

तर पहिली वाट. मंडळी, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी टक्कल ही अडचण होती का? टक्कल होतंच. भर्तृहरीच्या नीतिशतकात उन्हाने पोळलेला एक खल्वाट सावलीसाठी झाडाखाली जातो आणि वरून फळ नेमकं त्याच्याच डोक्यावर आपटतं. वामन पंडितांनी भर्तृहरी मराठीत आणला, त्यामुळे हा बिचारा आपल्याकडेही पोचला. आयुर्वेदात खालित्य आणि इंद्रलुप्त अशी वेगवेगळी नावं आहेत, माक्याची तेलं आहेत. इजिप्तमधल्या साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका वैद्यक-पोथीत मगरीच्या आणि पाणघोड्याच्या चरबीचे उपाय सांगितलेत. म्हणजे दुःख पुरातन आहे. पण आपल्या भागात ते दिसत नव्हतं, याचं कारण अगदी साधं आहे. डोकं उघडं नसायचंच.

शिवाय डोक्यावर आतमध्येही फारसं काही नसायचं. न्हावी हा गावचा बलुतेदार. त्याची धोकटी दारात आली की घरातले बाप्ये ओळीने बसायचे आणि डोकी तासून घ्यायचे. शेंडी राहायची, कुणाकुणाची भोवतीचा घेरा राहायचा, बाकी गुळगुळीत. वरून पगडी, पागोटं, मुंडासं किंवा फेटा. ज्याच्या कपाळावरचे केस विसाव्या वर्षी गेले तो आणि ज्याचे सत्तरीतही शाबूत होते तो, दोघेही वस्तऱ्याखालून सारखेच बाहेर पडायचे. केस काढण्याचे प्रसंग तर पायलीला पन्नास. पालीच्या खंडोबाला जावळ, मुंजीत वपन, बाप गेला की दहाव्याला मुंडण, बालाजीला नवस. डोकं मोकळं होणं ही रोजच्या जगण्यातली गोष्ट होती. त्यात लाजण्यासारखं काय?

पुरुषांच्या बाबतीत, असं मुद्दाम म्हणायला हवं. कारण याच काळात याच समाजात दुसऱ्या एका माणसाच्या डोक्यावर जबरदस्तीने टक्कल पाडलं जात होतं. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही घरांमधून विधवेचं केशवपन व्हायचं. बारा-चौदा वर्षांची पोर असली तरी. कराडजवळच्या टेंभूत 1856 साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी या चालीवर 'सुधारका'तून कोरडे ओढले. (आज टेंभू म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते. असो, पाणी काय आणि आगरकर काय, दोन्ही खालून वर चढवावं लागतं.) जोतीराव फुल्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं कटगुण. त्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने 1890 साली मुंबईत नाभिक मंडळी जमली आणि आपण विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा पवित्रा त्यांनी घेतला. मला ही घटना फार मोठी वाटते. ज्याच्या हातात वस्तरा आहे तोच 'नाही' म्हणाला. आज केस विरळ झाले म्हणून आरशासमोर कुढणाऱ्या आपण पुरुषांनी हे एकदा तरी आठवावं. केस जाण्याचं दुःख आणि केस काढून घेतले जाण्याचं दुःख, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

केसांना किंमत होती ती आणखी एका जागी, नाटकात. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीता स्वयंवर' केलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. बायका रंगमंचावर नव्हत्या, तेव्हा सीता होणार पुरुषच. पुढे 1905 साली मिरजेत शकुंतला म्हणून उभे राहिलेले बालगंधर्व हेही याच मुलखातले, पलूसजवळच्या नागठाण्याचे. त्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल खऱ्याखुऱ्या बायका करत. म्हणजे सगळ्या महाराष्ट्राला बाईने केस कसे माळावेत हे एका पुरुषाने शिकवलं! नाटकवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. केस हा वेश आहे. टोप चढवला की माणूस बदलतो, उतरवला की पुन्हा नारायणराव.

मग पगडी उतरली. एका दिवसात नाही. इंग्रजी शाळा, सरकारी नोकऱ्या, रेल्वे, आणि मग पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेली पोरं डोक्यावर केस राखून यायला लागली. म्हाताऱ्यांनी आधी शिव्या घातल्या, नंतर सोडून दिलं. मधल्या काळात टोपीने पडदा धरून ठेवला. 1942 नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं (सांगली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, 1949 ला 'दक्षिण सातारा' झाला आणि 1960 ला 'सांगली'). त्या काळातले फोटो बघा. क्रांतिसिंह नाना पाटील म्हणजे फेटा. यशवंतराव चव्हाण म्हणजे गांधी टोपी. टोपीखाली यशवंतरावांचे केस किती होते यावर कुणी कधी चर्चा केल्याचं ऐकलंय? माणूस मोजायची मापं वेगळी होती.

टोपी उतरल्यावर मात्र डोकं एकदम उघड्यावर आलं. सोबत सलून आलं, सलूनमध्ये समोर-मागे आरसे आले, फोटो स्टुडिओ आले, हिरोचा कोंबडा आला, मासिकांमधून केशतेलाच्या जाहिराती आल्या. आणि शेवटी मुलीच्या घरी पाठवायचा फोटो आला. माझ्या मते टक्कल आपल्याकडे 'पडलं' ते या टप्प्यावर. केस आधीही गळतच होते, पण आता ते गळताना बघायला माणसं होती. आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. वरून काढलेला सेल्फी हा पगडीचा नेमका उलटा प्रकार आहे.

आता दुसरी वाट, ऑपरेशनची.

1792 च्या टिपूविरुद्धच्या लढाईत इंग्रजी फौजेच्या बैलांवर काम करणारा कावसजी नावाचा एक मराठा गडी टिपूच्या हाती सापडला. टिपूच्या लोकांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. साधारण वर्षभर तो बिनानाकाचा राहिला. मग पुण्याजवळ तिथल्याच एका वैदूने त्याच्या कपाळाची कातडी नाकाच्या आकारात कापली, खालच्या टोकाला जोडलेली ठेवून फिरवली आणि नाकाच्या जागी बसवली. दोन इंग्रज डॉक्टर बघत होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट ही हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने 1814 साली लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं आणि 1816 ला त्यावर पुस्तक लिहिलं. युरोपात नाकाच्या प्लास्टिक सर्जरीला पुन्हा सुरुवात झाली ती या पुणेरी नाकापासून. पुण्याचं नाक वर असतं ते उगाच नाही. :-)

याचा केसांशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध असा. कपाळ अरुंद असेल आणि कातडीचा वरचा भाग केसांच्या हद्दीतून घेतला गेला, तर नव्या नाकावर केस उगवतात. कातडी नाकावर राहायला गेली तरी तिचा मूळ स्वभाव कपाळाचाच. सासरी गेली तरी माहेरची सवय सुटत नाही. नाक दुरुस्त करणाऱ्या सर्जनला ही कटकट. पण यातच केशरोपणाचं सगळं गुपित दडलेलं होतं, फक्त त्याकडे त्या नजरेने बघायला दीडशे वर्षं लागली.

1939 साली जपानमध्ये शोजी ओकुडा या त्वचारोगतज्ज्ञाने भाजलेल्या, व्रण पडलेल्या जागी केस असलेल्या कातडीचे दोन ते चार मिलिमीटरचे गोल तुकडे बसवल्याचं प्रसिद्ध केलं. पण ते जपानी भाषेत, आणि लगेच महायुद्ध. पश्चिमेकडे कुणी वाचलंच नाही. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये नॉर्मन ओरेंट्राइशने स्वतंत्रपणे तेच केलं, पण नेहमीच्या पुरुषी टकलावर. 1959 साली त्याने मांडलेला निष्कर्ष आजही पाया आहे. केस गळायचे की टिकायचे हे तो कुठे लावलाय यावर ठरत नाही, तो कुठून काढलाय यावर ठरतं. डोक्याच्या मागची, कानांच्या वरची पट्टी सहसा टकलात जात नाही. तिथला केस पुढे लावला तरी तो मागचा स्वभाव धरून राहतो.

म्हणजे बघा, डोक्याची मागची बाजू हा आपला बेणेमळा. पण एक मोठा फरक आहे, आणि या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठेवा. उसाचं एक कांडं लावलं तर त्याची दहा होतात. केसाचं तसं नाही. जो मुळासकट उचलला तो मागून कायमचा गेला. केशरोपणात एकही नवा केस तयार होत नाही. नुसत्या बदल्या होतात, भरती नाही.

ओरेंट्राइशनंतरची वीस-पंचवीस वर्षं हा या धंद्याचा शहाणा करून सोडणारा काळ आहे. तेव्हा चार मिलिमीटरचे गोल पुंजके बसवत. लांबून ठीक, जवळून बाहुलीचे केस. पण त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती आणि तिच्यात तंत्राचा दोष नव्हता, काळाचा हिशेब चुकला होता. तरुण वयात लोकांनी पुढची रेघ दाट भरून घेतली. लावलेले केस टिकले, अगदी वचन दिल्याप्रमाणे. पण त्यांच्या मागचे मूळचे केस जात राहिले. पंधरा-वीस वर्षांनी कपाळावर झाडांची एक रांग आणि मागे माळरान. आणि ते माळरान भरायला बेणं शिल्लक नाही. टक्कल लपवता येतं, पण हे लपवता येत नाही.

नंतर तंत्र सुधारलं. केस एकेकटे न उगवता एक ते चार जणांच्या जुडीने उगवतात, हे लक्षात घेऊन 1988 च्या सुमारास अमेरिकेत बॉबी लिमरने मागची पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्या जुड्या वेगळ्या करायला सुरुवात केली. 2002 च्या सुमारास पट्टी न कापता एकेक जुडी थेट उचलायची पद्धत प्रसिद्ध झाली. आज जाहिरातीत दिसतं ते बहुतेक हेच. काम इतकं बारीक झालंय की चांगलं झालेलं केशरोपण ओळखू येत नाही. पण बेणेमळा तेवढाच राहिला. तंत्र कितीही सुधारलं तरी तो एका वाफ्यानेही वाढलेला नाही.

आता आपण इंजिनीअर लोक, तेव्हा थोडं गणित करू. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतात, पण हिशेब कळायला पुरेत. मूळ डोक्यावर एका चौरस सेंटिमीटरमध्ये साधारण 70 जुड्या धरा. निम्म्या गेल्या तरी बघणाऱ्याला फारसं कळत नाही, त्यानंतर कळायला लागतं. पूर्ण टक्कल पडलं तर जवळजवळ 200 चौरस सेंटिमीटर जागा उघडी पडते. आणि मागून जन्मभरात सुरक्षितपणे उचलता येतात साधारण 6000 जुड्या. पंचविशीत पुढची 40 चौरस सेंटिमीटर जागा 50 च्या दाटीने भरली, तर 2000 गेल्या. उरल्या 4000 आणि पुढे-मागे उघडी पडू शकणारी जागा 160. म्हणजे चौरस सेंटिमीटरला 25. मूळच्या जेमतेम एक तृतीयांश. आणि रेघ 'अजून जरा खाली घ्या की डॉक्टर' म्हणून आणखी 1000 लावल्या, तर उरतात 19 पेक्षाही कमी.

पण मेख अशी की हे सगळं 'पूर्ण टक्कल पडलं तर'. पडेलच असं नाही. 1951 साली जेम्स हॅमिल्टनने टकलाच्या पायऱ्या लावल्या आणि 1975 ला नॉरवूडने त्या सुधारून सात केल्या. कुणी तिसऱ्या पायरीवर आयुष्यभर बसून राहतो, कुणी पस्तिशीत सातवी गाठतो. तिसरीवाल्याला 6000 म्हणजे चंगळ, सातवीवाल्याला दुष्काळ. आणि पंचविशीत दोघांचे फोटो अगदी सारखे दिसतात! 'मामाला बघा, मामासारखं होतं' असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य आहे, कारण एक महत्त्वाचं जनुक आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावर आहे. पण 2017 साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात टकलाशी संबंधित अडीचशेहून जास्त जागा जनुकांमध्ये सापडल्या. तेव्हा मामा, काका, बाप, आजा, सगळ्यांच्या टोप्या काढून बघा आणि तरीही शंभर टक्के खात्री धरू नका.

थांबण्याचा खरा अर्थ इथे लागतो. आपण कुठल्या पायरीकडे चाललोय हे फक्त वेळच सांगतो. दर वर्षी थांबलो की आपल्याला माहिती मिळते, आणि बेणं शाबूत राहतं. म्हणून चांगले सर्जन पंचविशीच्या आतल्या पोराला सहसा हात लावत नाहीत.

पण नुसतं 'थांबा' म्हणणं फार सोपं आहे हो. म्हणणाऱ्याचं डोकं सहसा भरलेलं असतं, नाहीतर त्याचं लग्न झालेलं असतं. सातारा-सांगलीकडे आज पोरांची लग्नं जमणं किती अवघड झालंय हे सांगायला नको. शेती करणाऱ्याला तर मुलगीच मिळत नाही, नोकरीवाल्याला पॅकेज विचारतात, फ्लॅट विचारतात, आणि फोटो बघून न विचारताच नकार येतो. ज्याला केस हवेत ते या दहा वर्षांसाठी हवेत, पंचविशी ते पस्तिशी. पन्नाशीत सगळं कळल्यावर परिपूर्ण निर्णय घेऊन करायचं काय? बेणं जपून ठेवलं आणि हंगामच गेला, हाही तोटाच. हा पेच खरा आहे. तो नाकारून दिलेला सल्ला कुणी ऐकणार नाही.

सुदैवाने मधला रस्ता आहे, आणि तो योगायोगाने सापडला. 1942 साली त्याच हॅमिल्टनने दाखवलं की वयात येण्यापूर्वी ज्यांचे वृषण निकामी झाले त्यांना टक्कल पडत नाही. (हिप्पोक्रेटिसने हे दोन हजार वर्षांपूर्वीच नोंदवलं होतं, पण उपाय म्हणून कुणी पुढे आलं नसावं!) 1974 साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉनचं डीएचटीत रूपांतर करणारं एन्झाइम जन्मतःच कमी होतं, आणि तिथल्या पुरुषांच्या केसांची हद्द मागे सरकत नव्हती. त्या धाग्यावरून फिनास्टेराइड आलं, आधी 1992 ला प्रोस्टेटसाठी आणि 1997 ला केसांसाठी. मिनॉक्सिडिल तर रक्तदाबाची गोळी. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून 1988 ला अमेरिकेत डोक्याला लावायचं औषध झालं. ही औषधं माळरानावर झाडं उगवत नाहीत, पण असलेली झाडं बऱ्याच जणांची धरून ठेवतात. परिणाम कळायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि बंद केली की फायदा ओसरतो. फिनास्टेराइडने काही थोड्या पुरुषांना लैंगिक त्रास होतात, तेव्हा डॉक्टरशी मोकळं बोलून, त्यांच्या सल्ल्यानेच घ्यायचं.

म्हणजे 'आत्ता की नंतर' हा प्रश्नच थोडा बदलतो. आधी एक वर्ष औषध आणि दर दोन-तीन महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो. वर्षाने गळती थांबलेली दिसली, तर ती दोन गोष्टी एकदम देते. पायरी स्थिर झाल्याचा अंदाज आणि औषध लागू पडतंय याचा पुरावा. मग सव्वीस-सत्ताविसाव्या वर्षीही कपाळाची रेघ जरा वर, वयाला शोभेल अशी ठेवून, बेणेमळ्यातलं निम्म्याहून जास्त राखून लागण करायला हरकत नाही. वर्षभर औषध घेऊनही गळती धडाधड चालूच असेल, तर मात्र आज पुढे लावलेली रांग उद्या माळरानात एकटी उभी राहणार. तिथे थांबणं हाच उपाय. आणि दिवस मोजून ठेवा. लावलेले केस पहिल्या महिन्यात बहुतेक गळतात (घाबरू नका, मूळ आत असतं), तीन-चार महिन्यांनी फुटायला लागतात, आणि खरं पीक दिसायला वर्ष लागतं. अगदी सुरू उसाइतकं. तेव्हा मे महिन्यातल्या लग्नासाठी फेब्रुवारीत लागण केली तर बोहल्यावर आधीपेक्षा वाईट दिसाल.

त्याआधी एक गोष्ट. केस का जातायत हे आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून तपासा. जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत हातात यायला लागले. बायका, पोरं, सगळ्यांचे, अडीचशेहून जास्त लोकांचे. महाडच्या विंचूदंशावरच्या कामामुळे ठाऊक असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन अभ्यास केला आणि रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. बऱ्याच जणांचे केस नंतर परत यायला लागले. हे टोकाचं उदाहरण, पण डेंगी किंवा कोविडनंतर दोन-तीन महिन्यांनी, थायरॉइड बिघडला म्हणून, रक्त कमी म्हणूनही केस जातात आणि कारण गेलं की येतात. तिथे लागण करणं म्हणजे पाऊस लांबला म्हणून विहीर विकण्यासारखं.

आणि दुसरी, त्याहून गंभीर. हे ऑपरेशन आहे, सलूनमधलं काम नाही. तासन् तास भुलीची इंजेक्शनं चालतात. 2016 साली चेन्नईत एक डॉक्टरकीचा विद्यार्थी केशरोपणानंतर गेला. 2019 साली मुंबईत एक व्यावसायिक एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त केस लावून घेतल्यावर गेला. 2025 साली कानपूरमध्ये दोन इंजिनीअरांच्या मृत्यूवरून गुन्हा दाखल झाला. आपल्याच जातकुळीतली, आपल्याच वयाची माणसं. 2022 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की केशरोपण रीतसर शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायचं. यूट्यूब बघून किंवा एखादी कार्यशाळा करून ते शिकता येत नाही. मिरजेसारखं गाव, जिथे 1894 साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं, जिथे कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात, ते आपल्या अंगणात आहे. डॉक्टर कोण, पदवी कुठली, चिरा कोण मारणार, काही झालं तर समोर आयसीयू आहे का, हे चार प्रश्न किती स्वस्त पॅकेज मिळतंय याच्या आधी विचारा. जो पहिल्याच भेटीत तारीख आणि डिस्काउंट देतो आणि तुमच्या मामाबद्दल एक शब्द विचारत नाही, तिथून चप्पल घालून निघा.

शेवटी पुन्हा पगडीकडे. इतिहास वाचताना मला वाटायला लागलं की पोरं जे परत मागतायत ते नेमके केस नाहीत. आजोबांच्या काळी डोक्यावर जे काही होतं किंवा नव्हतं ते माणसाच्या किमतीत धरलं जायचं नाही, ती सूट मागतायत. पगडीने ती फुकट दिली होती. आज तीच सूट लाख-दीड लाख रुपये मोजून विकत घ्यावी लागते, आणि घेणाऱ्याला मी तरी नावं ठेवणार नाही. फक्त बेणं मोजून घ्या.

आणि एक बघितलंय का? आमच्याकडच्या लग्नात आजही अक्षतांच्या वेळी सगळ्या बाप्यांच्या डोक्यावर फेटे असतात. आधी दारात फेटेवाला बसवतात, मग मांडवात सोडतात. वर्षभर आधी ज्या दिवसासाठी म्हणून पोरगा डोकं टोचून घेतो, त्या दिवशी त्याच्या डोक्यावर आठ-नऊ मीटर कापड गुंडाळलेलं असतं. मांडवातला एकही माणूस त्याचे केस बघू शकत नाही. आणि नवरदेव त्यात झकास दिसतो.